काटेवाल्या रफिकभाईंच्या पिना

रविवारी सकाळी फोनवर रफिकभाईंचं नाव दिसलं तेव्हा मी केसांना तेल लावत बसले होते. रविवारचा त्यांचा फोन म्हणजे 'निघालात का' एवढंच विचारणारा, म्हणून मी हॅलोसुद्धा न म्हणता सांगून टाकलं, "निघालेच, घाई करू नका." पलीकडून आवाज आला, "मॅडम, मी इम्रान..." इम्रान त्यांचा मुलगा. पुढचं त्याने सांगायच्या आधीच मला कळलं. पहाटे नमाजाला उठले, वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला बसले आणि तिथेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी फोन ठेवला आणि तशाच तेलकट डोक्याने निगडीला निघाले. तिथे आमची टोळी चहा मागवून रफिकभाईंची वाट बघत बसलेली असणार, आणि त्यांना हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना.

टोळी हा शब्द रफिकभाईंचाच. निगडीच्या बस टर्मिनसजवळ एका चहाच्या टपरीमागे थोडी मोकळी जागा आहे, झाडाखाली सिमेंटचे दोन बाक आहेत. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही पाच-सात माणसं गळ्यात पट्ट्या अडकवून बसतो. कंपनीचं ओळखपत्र लटकवायची पट्टी असते ना, तसलीच. फक्त ओळखपत्राऐवजी तिच्यावर पिना टोचलेल्या असतात. मोठ्या क्रीडास्पर्धांना प्रत्येक देशाचा संघ आपले छोटे, रंगीत, मिन्याचे बिल्ले घेऊन येतो. खेळाडू ते एकमेकांशी बदलतात, आणि मैदानाबाहेर ताटकळणारे आमच्यासारखे वेडे खेळाडूंशी बदलतात. त्यालाच पिना म्हणायचं. मग त्या पिना आमच्या आमच्यात फिरतात, आणि पुढच्या स्पर्धेला पुन्हा परदेशी निघून जातात. टर्मिनसवर उतरणारी माणसं आम्हाला कुठल्या तरी पक्षाचे कार्यकर्ते समजून वळसा घालून जातात.

त्या दिवशी आम्ही टपरीवरून थेट काळेवाडीला गेलो, आणि पट्ट्या काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. जनाजा निघाला तेव्हा खांदा देणाऱ्यांत आमचे दत्तूभाऊ होते. हे दुडुळगावचे, इंद्रायणीकाठच्या जुन्या घरातले, अंगाने पैलवान. त्यांच्या प्रत्येक पावलाला गळ्यातल्या पिना किणकिणत होत्या. एका बुजुर्गांनी अदबीने विचारलं, आपण मरहूमच्या कंपनीतले का? दत्तूभाऊ म्हणाले, "न्हाई जी, आमी रविवारचे." ते बुजुर्ग समजल्यासारखी मान हलवून पुढे गेले. बायकांमध्ये बसलेल्या मला हे संध्याकाळी कळलं आणि रडता रडता हसू फुटलं. रफिकभाई असते तर त्यांनी हा किस्सा पुढचं वर्षभर पुरवून पुरवून सांगितला असता.

रफिकभाई म्हणजे काटेवाले रफिकभाई. वाण्याच्या दुकानातल्या तराजूपासून चाकणच्या कंपन्यांमधल्या मोठ्या वजनकाट्यांपर्यंत जे काही तोलतं ते सगळं ते दुरुस्त करत. काळेवाडीत त्यांचं एका शटरचं दुकान होतं आणि मागे स्कूटरला हत्यारांची पेटी कायमची बांधलेली. मी शाळेत खेळाची शिक्षिका, सगळा जन्म शिट्टी फुंकण्यात गेला. आमची गाठ पडावी असं खरं तर काही कारण नव्हतं. ती पडली बालेवाडीला. तिथे परदेशी मुलामुलींच्या स्पर्धा होत्या आणि मला स्वयंसेवक म्हणून वेटलिफ्टिंगच्या वजन-खोलीत उभं केलं होतं. ऐन सकाळी तिथला काटा अडला. एकदा एक आकडा दाखवी, दुसऱ्यांदा दुसरा. आपल्या गटात बसायचं म्हणून आदल्या दिवसापासून घोटभर पाण्यावर राहिलेली पोरं रांगेत उभी आणि अधिकारी घामाघूम. कोणी तरी कोणाला फोन केला आणि तासाभरात खाकी शर्टातला एक किडकिडीत माणूस पेटी घेऊन आला. खिशावर कारखान्यात सुरक्षा सप्ताहात वाटतात तो हिरव्या क्रॉसचा बिल्ला. सकाळी ते एका कंपनीत काम करत होते, तिथे गेटवर लावला होता तो तसाच राहिलेला.

काटा चालू झाला. रांगेत पहिला सामोआचा एक पोरगा होता. दारात मावणार नाही असा देह आणि चेहरा सातवीतल्या मुलाचा. तो काट्यावर चढला, गटात बसला आणि आनंदाच्या भरात आपल्या गळ्यातली एक पिन काढून त्याने रफिकभाईंच्या तळहातावर ठेवली. रफिकभाईंनी ती उलटसुलट पाहिली, मागची टोपी काढली, टोक बोटाला लावून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हीच अडकली होती का आत?" त्यांना वाटलं, काट्यातून निघालेला हा कसला तरी सुटा भाग आहे. त्यांनी ती पेटीत स्क्रूच्या डबीत टाकलीसुद्धा. पोरगा मात्र हात पुढे करून उभाच. आता मला द्या, असं त्याचं म्हणणं. तो त्यांच्या खिशावरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवायला लागला तेव्हा रफिकभाईंना वाटलं की सुरक्षेची काही तक्रार आहे आणि ते काट्याची वायर तपासू लागले. शेवटी मी मध्ये पडले. अहो, तो अदलाबदल मागतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि हिरव्या क्रॉसचा बिल्ला काढून त्याच्या जर्सीवर स्वतःच्या हाताने लावून दिला. पोराने तो कुठल्या खेळाचा समजून घेतला देव जाणे. पिंपरी-चिंचवडचा 'सुरक्षा प्रथम' असा सामोआला गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी हे गृहस्थ माझ्या शाळेच्या फाटकावर हजर. पिन रुमालात गुंडाळून आणलेली. हा कुठला देश, हे झाड कसलं, तिथे पोचायला किती दिवस लागतात... मुलं कवायत सोडून गोळा झाली. मी नकाशा काढून सामोआ दाखवला. बराच वेळ ते त्या ठिपक्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढ्याशा जागेतून आला आणि मला देऊन गेला." तेव्हाच हा माणूस हातचा गेला. नंतर जिथे जिथे आसपास स्पर्धा झाल्या तिथे ते गेले. दिल्लीला मोठ्या स्पर्धा होत्या तेव्हा दुकान बंद ठेवून गेले, पुण्याची मॅरेथॉन कधी चुकवली नाही, आणि मलाही त्यांनी ओढलंच. मी आधी नाक मुरडलं, आता माझ्या पट्टीला जागा उरलेली नाही.

टोळीचे कायदे त्यांनीच केले. पिन विकायची नाही, विकत घ्यायची नाही. एकास एक. समोरची कितीही दुर्मीळ असो, एकाच्या बदल्यात एकच. पट्टीवर आहे ती पिन कोणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. आणि पिन देताना तिचा किस्सा सांगायचा. ती कोणाकडून, कुठे, कशी मिळाली ते सांगितल्याशिवाय अदलाबदल झाली असं धरायचंच नाही. या शेवटच्या कायद्यामुळे आमचा चहा तीन-तीनदा व्हायचा. घरी स्वयंपाक खोळंबला की मी शिट्टी वाजवायचे.

दत्तूभाऊ पहिल्यांदा आले ती सकाळ मला चांगली आठवते. त्यांनी खिशातून काय काढलं तर जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीच्या कमिटीचा बिल्ला, खाली केशरी फीत लोंबणारा. आम्ही खूप हसलो. मोठ्या स्पर्धेचीच पिन चालते, असं मीच ऐटीत सांगितलं. दत्तूभाऊ ओशाळून बिल्ला परत खिशात घालू लागले, तर रफिकभाईंनी त्यांचा हात धरला. "किस्सा आहे का?" दत्तूभाऊ उजळले आणि त्यांच्या सर्जाची गोष्ट सांगायला लागले. सर्जा घाटात सुसाट निघाला आणि शेवटच्या टप्प्यात, सगळ्यांच्या पुढे असताना, कडेला बसलेल्या त्यांच्या आईला बघून जागीच उभा राहिला. मागचा गाडा जिंकला. "आईनं त्याला लहानपणी हातानं भरवल्यालं ना," दत्तूभाऊ म्हणाले, "तिला वलांडून कसा जाईल?" रफिकभाईंनी लगेच पट्टीवरची दिल्लीची पिन काढली, तिचा किस्सा सांगितला आणि दिली. तो केशरी फितीचा बिल्ला पुढे त्यांनी भुवनेश्वरला हॉकीच्या वेळी एका ऑस्ट्रेलियन पंचांना सर्जाच्या गोष्टीसकट दिला. ती गोष्ट त्यांनी कोणत्या इंग्रजीत सांगितली हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हातवारे मात्र त्यांनी करून दाखवले होते, आणि त्यात बैलापेक्षा दत्तूभाऊंची आईच जास्त होती.

घरी हिरवं कापड ताणून बसवलेला एक मोठा फळा होता, त्यावर सगळ्या पिना. दर रविवारी तो चादरीत गुंडाळून स्कूटरवर पायांत उभा धरून काळेवाडीहून निगडीला यायचा. नसीमभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून ओरडून सांगायच्या की वाऱ्याने उडून जाल. लोक सोनं जमवतात, आमचे हे टाचण्या जमवतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी घरी गेले की पहिल्यांदा तेच ऐकायला मिळायचं आणि मग शीरखुर्मा किंवा मटण, जे असेल ते. फळ्याकडे त्या कधी ढुंकूनही बघत नसत. निदान आम्हाला तसंच वाटत होतं.

एकदा कोरेगाव पार्कातल्या एका बड्या संग्राहकाने आम्हाला बोलावलं. भिंतभर काचेची कपाटं, आत दिवे, प्रत्येक पिन मखमलीवर. मी तर हरखून गेले. परत येताना बसमध्ये रफिकभाई म्हणाले, "मॅडम, तिथं सगळं होतं हो... पण एकही पिन कुठं जाणार नाही आता." त्यांचा चेहरा इतका पडला होता की मी त्यांना खिडकीची जागा दिली. घरी जाऊन त्यांनी नसीमभाभींना बजावलं म्हणे की माझ्या पिनांना काच लावायची नाही, मी असो नसो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की दफन होऊन दोन आठवडे झाले असतील नसतील, इम्रानने चिंचवडच्या फ्रेमवाल्याकडे काचेची मोठी चौकट करायला टाकली. बैठकीच्या भिंतीचं माप घेतलं, आत दिव्याची सोय केली. इम्रान गुणी मुलगा, हिंजवडीला कंपनीत आहे, वडिलांवर त्याचा फार जीव. त्याचं म्हणणं सरळ होतं. अब्बा रोज काही तरी देऊन टाकायचे, आता जे उरलंय ते तरी घरात राहू दे. त्याला चूक कोण म्हणणार? निगडीच्या बाकावर आम्ही चहा पीत बसलो. प्रत्येकाच्या मनात होतं की रफिकभाईंच्या पिना काचेत गेल्या तर ते पुन्हा एकदा गेले. पण कालपर्यंत ज्याच्या घरी जेवलो त्याच्या मुलाला दुखवायचं कसं? शेवटी दत्तूभाऊ म्हणाले, "बाई, तुमीच जा. आमी गड्यांनी आत जायचं न्हाई सध्या."

ते बरोबर होतं. भाभी इद्दतीत होत्या. नवरा गेला की काही महिने बाईने घराबाहेर पडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही, अशी ती रीत. मी गेले तेव्हा त्या आतल्या खोलीत पांढऱ्या ओढणीत बसल्या होत्या, टाचण्यांचं ते नेहमीचं वाक्य न बोलता. फळा समोर भिंतीला टेकून उभा. मी आडवळणाने सुरुवात केली, पण मला आडवळण कधी जमलेलं नाही. चौकटीचं विचारूनच टाकलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं, काच नको. मला ठाऊक आहे. पण मॅडम, तुम्ही सगळे एकेक घेऊन गेलात, तर मी बघू कशाकडे?" मी खाली बघत चहा संपवला. निघताना त्यांनीच हाक मारली आणि सांगितलं, चाळिसाव्या दिवशी टोळी येईल ना, तर त्या दिवशी प्रत्येकाने एक पिन बदलून घ्यावी. एकच. त्यानंतर काच लावायची की नाही ते त्या ठरवतील. इम्रानशी त्या स्वतः बोलतील. आणि अदलाबदल करतील तीही त्या स्वतःच, पडद्याआडून.

चाळिसाव्याला कुराणपठण झालं, जेवणं झाली, पाहुणे पांगले आणि आम्ही उरलो. बैठकीत फळा, त्याच्या शेजारी इम्रानची नवी कोरी चौकट, काचेवर अजून दुकानाचा कागद चिकटलेला. आतल्या दाराला फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या इकडे टोळी मांडी घालून बसलेली, तिकडे भाभी, आणि ये-जा करायला मी. पन्नाशी ओलांडल्यावर मला असा हमालीचा हुद्दा मिळाला. पहिला आमच्यातला लातूरचा पोरगा, चाकणला क्वालिटी तपासणीला आहे. त्याने केनियाची पिन मागितली. मी ती काढून त्याच्या पिनेसकट पडद्याआडून आत दिली. मला वाटलं, भाभी नुसत्या बघतील आणि हो म्हणतील. तर आतून आवाज आला, "या पिनेचा किस्सा ठाऊक आहे का त्याला?"

तो म्हणाला, आहे तर. रफिकभाईंनी मॅरेथॉनमध्ये त्या केनियाच्या बाईंच्या बरोबरीने धावत धावत ही पिन बदलली होती. पडद्यामागे बांगड्या वाजल्या. "धावत कुठले?" भाभी म्हणाल्या. "शर्यत संपली होती. ती बाई लंगडत हॉटेलाकडे निघाली होती, आणि यांची चप्पल तुटली होती म्हणून हेही लंगडत होते. दोघं एकमेकांना बघून हसले, तेव्हा मिळाली." बैठकीत असा हशा उसळला की खालच्या मजल्यावरून कोणी तरी वर बघितलं. मग तर प्रत्येकजण मुद्दाम रफिकभाईंची आवृत्ती सांगायचा आणि आतून खरी यायची. जपानच्या पंचांनी वाकून नमस्कार केला होता ती गोष्ट खोटी, ते बुटाची नाडी बांधत होते. दिल्लीत पोलिसाने अडवलं तेव्हा यांनी इंग्रजीत सुनावलं तीही खोटी, यांनी पोलिसालाच एक पिन दिली होती. फळ्याकडे न बघणाऱ्या भाभींना एकूण एक पिन तिच्या जागेसकट पाठ होती. मी पडदा बाजूला करून आत गेले तेव्हा त्या ओढणीने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. मला फार बरं वाटलं, आणि रफिकभाई नाहीत याचं त्या दिवशी पहिल्यांदा धडकन वाईटही वाटलं.

सगळ्यांचं झालं. इम्रान इतका वेळ चौकटीला टेकून उभा होता. तो पुढे आला, खिशातून एक पिन काढली आणि माझ्या हातात दिली. त्याच्या कंपनीची, पाच वर्षं झाली म्हणून मिळालेली, साधी निळी. मला तो म्हणाला, "मॅडम, अम्मीला विचारा, हिच्या बदल्यात एक मिळेल का." आतून लगेच आलं, किस्सा? इम्रान अडखळला. मग पडद्याकडे बघून सांगायला लागला. ही पिन त्याने घरी आणून ड्रॉवरात टाकली होती. एका रविवारी अब्बांनी ती पट्टीवर लावून निगडीला नेली. तिथे कोणी तरी मागितली. पट्टीवरची पिन, नाही म्हणता येत नाही... तर अब्बांनी घामोळं आल्याचं कारण सांगून पट्टीच काढून खिशात घातली. घरी येऊन पिन परत ड्रॉवरात ठेवली आणि त्याला म्हणाले, "जपून ठेव बाबा, आज थोडक्यात वाचली." दत्तूभाऊ पटकन म्हणाले, "आन् मी त्यास्नी घामोळ्याची पावडर आणून दिल्ती!" ती मागणारे अर्थात दत्तूभाऊच होते.

इम्रान म्हणाला, "अब्बांना एक तरी ठेवावीशी वाटली होती ना... म्हणून मी काच आणली, अम्मी." थोड्या वेळाने भाभींनी सांगितलं की त्याला हवी ती पिन त्याने घ्यावी, आणि निळी फळ्यावर लावावी, जिथे ती सगळ्यांना दिसेल. आणि ती सुद्धा मागता येईल, त्यांनी पुढे सांगितलं. मात्र जो मागेल त्याने बदल्यात पिन तर द्यायचीच, पण रफिकभाईंचा असा एक किस्सा सांगायचा की जो भाभींनी ऐकलेला नाही. इम्रानने फळ्यावरची एक पिन काढून घेतली, तिच्या जागी निळी लावली आणि मान खाली घातली. आपली पिन आता कोणी नेणार नाही अशी त्याची समजूत झाली असावी, कारण तो किंचित हसला.

टोळी कंबर कसून तयार. दत्तूभाऊंनी सर्जाची गोष्ट काढली, आतून आलं, ऐकलाय. लातूरच्या पोराने चाकणच्या काट्यावर झोपलेल्या मांजराची सांगितली. ऐकलाय, मांजर तिरंगी होतं. मी बालेवाडीची सांगितली, स्क्रूच्या डबीसकट. भाभींनी माझंच वाक्य पुरं केलं. एकेकजण हरत गेला आणि आतला आवाज अधिकाधिक खुलत गेला. आता उठायला हवं असं वाटत असताना मला कोरेगाव पार्कहून येतानाची बस आठवली. त्या बसमध्ये रफिकभाईंचं मन दुसरीकडे वळवायला मी त्यांना टोचलं होतं की तुमचे निम्मे किस्से थापा असतात, लोकांना कळत नाही असं समजू नका. ते हसले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मी कोणाला बोलले नव्हते, कारण ते माझ्यापुरतंच सांगितलं असं मी धरून चालले होते. त्या पडद्यासमोर मात्र ते माझ्याजवळ ठेवणं मला बरं वाटेना.

मी सांगितलं. भाभी, ते म्हणाले होते, किस्सा मी आधी नसीमला सांगतो. ती चपात्या लाटत असते, माझ्याकडे पाठ करून. लाटणं चालूच राहिलं तर समजायचं, किस्सा फिका आहे. मग मी त्यात थोडं घालतो. कधी धावतो, कधी पोलिसाला इंग्रजीत बोलतो. बोलता बोलता लाटणं थांबलं, की झाला किस्सा. मग तोच निगडीला.

इम्रान माझ्याकडे बघत होता. दत्तूभाऊ आपल्या पट्टीशी चाळा करत होते. मग भाभींचा आवाज आला, अगदी हळू, "मला वाटायचं, यांना कळत नाही मी ऐकते ते." मग त्यांनीच म्हटलं, "हा नव्हता ऐकला, मॅडम. घ्या पिन."

मी फळ्यावरून निळी पिन काढली आणि तिच्या जागी माझी लावली. इम्रानचा चेहरा मी मुद्दाम पाहिला नाही. नको म्हटलं असतं तर सगळ्यांना सोपं झालं असतं, पण मग पिना फिरत्या ठेवायला भाभींनी त्या दिवशी जे केलं ते फुकट गेलं असतं. निघताना पाहिलं तर इम्रान स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकटीपाशी बसला होता आणि काच सोडवत होता. चौकट आता बैठकीच्या भिंतीवर आहे, दिवा लागतो, फळा आत बसतो, आणि ज्याला पिन हवी त्याचा हात थेट आत जातो. भाभींची इद्दत संपायची आहे. मी अधूनमधून जाते, तर मला विचारतात की निगडीला या आठवड्यात कोणी काय आणलं, आणि चपात्या लाटता लाटता ऐकतात. मी लाटण्याकडे लक्ष ठेवून असते. माझे किस्से अजून फिके आहेत.

गेल्या रविवारी मी बाकावर पोचले तर टपरीपाशी इम्रान उभा. गळ्यात पट्टी, तिच्यावर त्याने घेतलेली ती एकच पिन. चहाचा ग्लास हातात घेऊन तो माझ्या पट्टीकडे बघत राहिला. निळी पिन मी अगदी वर लावली होती, तो कधी आलाच तर आधी तीच दिसावी म्हणून.

"मॅडम," तो म्हणाला, "ती माझी."

"होती," मी म्हटलं. "आता मागायची असेल तर अब्बांचा किस्सा. मी न ऐकलेला."

दत्तूभाऊ बाकावर थोडे सरकले. इम्रानने चहाचा ग्लास खाली ठेवला, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या शेजारी बसून सांगायला लागला.